आफ्रोफ्युचरिझम : रंगमंचावरील आविष्कार

कृष्णवर्णीयांचा इतिहास, दंतकथा, संगीत आणि विज्ञानकल्पना एकत्र आणून त्यांचे भविष्य रंगवणारी कलादृष्टी. ती मुख्यतः अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या कलावंतांनी घडवली. हे नाव समीक्षक मार्क डेरी यांनी १९९३ मध्ये दिले. ज्या समाजाचा भूतकाळ जाणूनबुजून पुसला गेला, त्याला भविष्याची कल्पना करता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. रंगमंचावर मात्र त्याचे उत्तर बरेच आधी मिळू लागले होते. अलाबामात १९१४ मध्ये जन्मलेले जाझ संगीतकार सन रा आपण शनी ग्रहावरून आल्याचे सांगत आणि प्राचीन इजिप्त व अंतराळ यांची सांगड घातलेले झगमगीत पोशाख घालून वाद्यवृंदासह मंचावर येत.

रंगभूमीवरचे एक मोलाचे पूर्वरूप म्हणजे डग्लस टर्नर वॉर्ड यांचे ‘डे ऑफ ॲबसेन्स’ (१९६५). अमेरिकेच्या दक्षिणेतील एका गावात सकाळ होते. दुकानासमोर बसलेल्या दोघा गोऱ्यांना काहीतरी चुकल्यासारखे वाटते, पण काय ते उमगायला वेळ लागतो : सकाळपासून एकही काळा माणूस दिसलेला नाही. एका घरात तान्हे मूल रडते आहे आणि दाई न आल्यामुळे आईबापांना त्याचे काय करावे ते कळत नाही. शेवटी महापौर टीव्हीवरून ‘परत या’ म्हणून गयावया करू लागतो. गोऱ्यांच्या भूमिका चेहऱ्याला पांढरा रंग फासलेले काळे नट करतात. न्यूयॉर्कमध्ये या नाटकाचे पाचशेहून अधिक प्रयोग झाले. अमेरिकी रंगभूमी फक्त गोऱ्यांचीच का, हा प्रश्न वॉर्ड यांनी पुढच्याच वर्षी वृत्तपत्रातून जाहीरपणे विचारला आणि १९६७ मध्ये निग्रो आन्सांब्ल कंपनी ही काळ्या कलावंतांची नाट्यसंस्था उभी राहिली.

या परंपरेत प्रेक्षक गप्प बसत नाही, आणि त्याचे मूळ काळ्यांच्या चर्चमध्ये आहे. तिथे धर्मोपदेशकाच्या ओळीला जमाव ओळीनेच उत्तर देतो. त्यामुळे नाटकानंतरची चर्चा ही वेगळी जोडलेली गोष्ट राहत नाही. प्रयोग सुरू असतानाच तिला तोंड फुटलेले असते.

याचा आजचा सर्वांत समृद्ध दाखला म्हणजे ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘पॅरबल ऑफ द सोअर’ (१९९३) या कादंबरीवरील संगीतिका. टोशी रीगन आणि त्यांच्या आई बर्नीस जॉन्सन रीगन यांनी ती रचली. कॅलिफोर्नियात पाणी महागले आहे, वस्त्या भिंतींआड लपल्या आहेत आणि दुसऱ्याची वेदना स्वतःच्या अंगात जाणवणारी पंधरा वर्षांची लॉरेन रोजनिशी लिहिते आहे. भिंत कोसळते, वस्ती जळते आणि ती उत्तरेकडे चालू लागते. मंचावर टोशी गिटार घेऊन बसतात, थेट प्रेक्षकांशी बोलतात, त्यांना गायला लावतात. स्पिरिच्युअल (काळ्यांची भक्तिगीते), ब्लूज, फंक असे सगळे त्या गाण्यांत आहे. पाणी कोणाचे, संकटात शेजारी कोण, बरोबर कोणाला घ्यायचे, असे रोजच्या जगण्यातले प्रश्न प्रेक्षकांपुढे येतात. कथा भविष्यातली असल्यामुळे कोणावर थेट आरोप होत नाही, आणि एरवी एकमेकांशी न बोलणारी माणसेही त्यावर बोलू शकतात. माझ्या मते या प्रकाराचे खरे बळ हेच आहे.

बर्नीस यांना हे नवे नव्हते. १९६० च्या दशकाच्या आरंभी जॉर्जियातील ऑल्बनीच्या नागरी हक्क चळवळीत चर्चमधल्या सभा गाण्यानेच एकवटत. भीतीने आक्रसलेली माणसे एका सुरात आली की पुढचे बोलणे होई. त्या सभांत गाणाऱ्या बर्नीस पुढे फ्रीडम सिंगर्स या चळवळीची गाणी गाणाऱ्या गटाच्या संस्थापकांपैकी एक झाल्या.

लॉरेनच्या रोजनिशीतील पहिली नोंद २० जुलै २०२४ ची आहे. बर्नीस यांचे निधन त्याच्या चार दिवस आधी झाले.