पालातील मुक्काम : ओल आणि ऊब

पालात किंवा तंबूत रात्र काढताना अंथरूण कोरडे आणि अंग उबदार राखण्याची रीत. ग्रामीण विदर्भात ही गरज हौसेपेक्षा कामामुळे अधिक पडते. हरभरा-गहू उभा असताना रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून तो राखायला शेतकरी जागलीला जातो. मेंढपाळ कळपामागे पाल हलवत राहतात. श्रावणात नागद्वारच्या यात्रेला सातपुड्यात गेलेले भाविक तर ऐन पावसात मुक्काम करतात. चिखलदऱ्याला तंबू घेऊन जाणारे पर्यटक यांत अलीकडे मिसळले आहेत.

विदर्भ म्हटले की उन्हाळाच आठवतो, म्हणून इथल्या थंडीला नवखा माणूस हलके घेतो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअस नोंदले गेले. समुद्र दूर, हिवाळी हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. थंड हवा जड असल्याने उताराने सरकत नाल्याकाठी आणि धानाच्या बांध्यांत (खाचरांत) साचते. त्याच शेताच्या वरच्या धुऱ्यावर (बांधावर) झोपलेल्याला तेवढी हुडहुडी भरत नाही.

जागा निवडताना मातीही पाहावी लागते. काळी माती पाणी पिऊन फुगते, ओल धरून ठेवते आणि भिजल्यावर तिच्यात खुंटी टिकत नाही. त्यापेक्षा बरड, मुरमाड, थोडी उंच जागा बरी. झाडाखाली दव कमी पडते, हे हिवाळ्यात सोयीचे. पावसाळ्यात मात्र विजेच्या आणि मोडणाऱ्या फांद्यांच्या भीतीने झाड टाळावेच. पालाभोवती चर खणून त्याचे तोंड उताराकडे काढतात. खाली अंथरलेली ताडपत्री पालाबाहेर डोकावू देऊ नये. छतावरून ओघळलेले पाणी तिच्यावर पडते आणि नेमके अंथरुणाखाली शिरते. चांगला चर खणूनही लोक भिजतात ते बहुतेक याच चुकीने.

पांघरुणावर पांघरूण घालूनही कापरे थांबत नाही, तेव्हा कारण बहुधा पाठीखाली असते. अंगाच्या भाराने वाकळीतली हवा दबून निघून जाते आणि जमीन अंगातली ऊब ओढत राहते. ऊब धरते ती मुळात अडकलेली हवा. कापड तिला फक्त जागा देते. म्हणून पूर्व विदर्भात धानाचे तणस, पश्चिमेकडे कडबा खाली पसरतात, त्यावर बारदान आणि मग वाकळ. झोपल्यावर दबूनही चार बोटे जाडी उरेल इतके तणस हवे. दोनच घोंगड्या असतील तर एक खाली घालावी. बाजेवर झोपणाऱ्यानेही हे विसरू नये, कारण बाजेखालून वारा वाहतो आणि पाठ गारठते. तणसात उंदीर येतात, उंदरांमागे साप. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांनाच अधिक चावते आणि तिचा दंश फारसा दुखतही नाही. तणस रोज सकाळी हलवून उन्हात घालणे त्यासाठी आवश्यक आहे. शंका आली तरी थेट दवाखाना गाठावा.

पहाटे पालाच्या आतून टपकणारे पाणी पुष्कळांना गळती वाटते. ते बहुधा आपलेच असते. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि गार ताडपत्रीला लागून थेंब धरते. प्लास्टिकमधून वाफ निघत नाही. चारही बाजू घट्ट बांधल्या की अंथरूण आतूनच ओले होते. दोन्ही टोकांना वरच्या बाजूस हातभर फट ठेवली तर थोडी ऊब जाते, पण कोरडेपणा राहतो, आणि कोरडी गोधडीच शेवटी अधिक ऊब देते. तोंड पांघरुणात घेऊन झोपू नये. कान-डोके मफलरने बांधावे. दिवसभराचे घामेजलेले सुती कपडे अंगावर ठेवून झोपणे सर्वांत वाईट. लोकर दमट झाली तरी थोडीफार ऊब धरते, हे मेंढपाळाच्या घोंगडीचे मोल.

जुन्या सुती कापडाच्या राहुटीचे वागणे वेगळे असते. भिजल्यावर धागे फुगून विणीची छिद्रे बुजतात आणि पाणी बाहेरच राहते. मात्र आतून बोट किंवा गाठोडे टेकले की तिथून झिरपू लागते. सुती दोर भिजून आखडतात, म्हणून पावसाआधी ते सैल करावे लागतात. नायलॉनचे उलट, ते भिजून ढिले पडतात आणि पुन्हा ताणावे लागतात.

पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळल्या काड्यांची) शेकोटी बाहेर पेटवावी, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पालापासून दूर. निखाऱ्यांचे घमेले किंवा शेगडी आत घेऊन झोपू नये. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू निघतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. त्याऐवजी घट्ट झाकणाच्या धातूच्या बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून पायांशी घ्यावी. सकाळी ऊन तापल्यावर पाल, वाकळ, बारदान सगळे धुऱ्यावर पसरतात. ओले कापड तसेच गुंडाळले तर बुरशी धरते आणि शिवणीपासून कुजू लागते.