डीएसएलचा वेग: सेटिंगला हात लावण्याआधी तार तपासा

डीएसएल (टेलिफोनच्या तारेवरून येणारे इंटरनेट) रडतखडत चालू लागले की बहुतेकांचा हात आधी संगणकाच्या सेटिंगकडे जातो. ‘वेग दुप्पट करा’ छापाचे जे उपाय फिरत असतात, त्यातले बरेचसे विंडोज एक्सपीच्या काळातले आहेत. आज त्यांचा उपयोग नाही, झाला तर तोटाच. वेगाची कमाल मर्यादा ठरते ती टेलिफोन एक्स्चेंजपासून घरापर्यंत येणाऱ्या तांब्याच्या तारेवर. सेटिंग बदलून त्या मर्यादेच्या जवळ जाता येते, तिच्या पलीकडे नाही.

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि डीएसएल स्टेटसचे पान उघडा. तिथून सिंक रेट, ॲटेन्युएशन आणि एसएनआर मार्जिन हे तीन आकडे लिहून घ्या. सिंक रेट म्हणजे मॉडेम आणि एक्स्चेंज यांनी आपसात ठरवलेला वेग. ॲटेन्युएशन म्हणजे तारेतून येताना सिग्नल किती क्षीण झाला ते. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तारेवर एडीएसएलसाठी (डीएसएलचा नेहमीचा प्रकार) दर किलोमीटरला साधारण १४ डेसिबल (सिग्नलची ताकद मोजायचे एकक) धरतात. आकडा ४५ दिसला तर तार तीन किलोमीटरहून लांब आहे आणि त्यावर घरबसल्या काही इलाज नाही. मार्जिन मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. गोंगाटाच्या वर सिग्नलला किती मोकळी जागा उरली आहे, हे ते सांगते. मॉडेम सहसा ६ डेसिबल राखून वेग ठरवतो.

घरातला गोंगाट कमी केला की वेग का वाढतो, याचा हिशेब सोपा आहे. एडीएसएल२+ मध्ये (एडीएसएलची सुधारित आवृत्ती) २.२ मेगाहर्ट्झपर्यंतचा फ्रिक्वेन्सींचा पट्टा ५१२ बारीक वाहिन्यांमध्ये विभागलेला असतो. प्रत्येक वाहिनी सेकंदाला सुमारे ४००० संकेत पाठवते आणि एका संकेतात जास्तीत जास्त १५ बिट बसतात. एक बिट वाढवायला साधारण ३ डेसिबल लागतात. समजा २०० वाहिन्या कामात आहेत आणि गोंगाट ३ डेसिबलने उतरला, तर २०० गुणिले ४००० म्हणजे सेकंदाला ८ लाख बिट वाढले. एखादी जुनी वायर काढून टाकल्याने एवढे मिळू शकते.

ती वायर शोधायची पद्धत अशी: घरातले सगळे फोन, फॅक्स, अलार्म काढा आणि बाहेरची तार जिथे घरात शिरते त्या पहिल्या सॉकेटला मॉडेम आखूड केबलने जोडा. सिंक रेट वाढला तर दोष घरातल्या वायरिंगचा. पीळ नसलेली चपटी वायर अँटेनासारखी गोंगाट पकडते. कुठेही न जोडलेले, भिंतीत सोडून दिलेले एक्स्टेन्शन तर त्याहून वाईट. त्याच्या मोकळ्या टोकावरून सिग्नल परावर्तित होऊन येतो आणि काही वाहिन्या खाऊन टाकतो. मॉडेम सोडून बाकी प्रत्येक उपकरणाला मायक्रोफिल्टर (फोनचा आणि डीएसएलचा सिग्नल वेगळा ठेवणारी डबी) हवाच. प्रवेशाच्या जागी तेच काम साऱ्या घरासाठी करणारा एकच स्प्लिटर बसवला तर उत्तम. दिवसा बरी चालणारी लाइन रात्री का अडखळते, असा प्रश्न अनेकांना पडतो. मध्यम लहरींची रेडिओ केंद्रे याच पट्ट्यात असतात आणि सूर्यास्तानंतर त्यांच्या लहरी आयनांबरावरून (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) परतून फार लांबवर पोहोचतात. अशा वेळी मॉडेम सारखा बंद-चालू करू नका. अनेक पुरवठादारांची यंत्रणा वारंवार तुटणारी जोडणी ‘अस्थिर’ समजून वेग आपोआप खाली आणते.

सिंक रेट ८ मेगाबिट आणि वेगचाचणीत मात्र ६.८, म्हणजे फसवणूक झाली असे नव्हे. एडीएसएलवर माहिती एटीएम नावाच्या पद्धतीने ५३ बाइटच्या सेलमधून (ठरावीक आकाराच्या डब्यांतून) जाते आणि त्यातले ४८ च मालाचे असतात. पीपीपीओईवर (नाव-पासवर्ड घेऊन जोडणी देणारी पद्धत) १४९२ बाइटच्या पॅकेटला वेष्टनाचे साधारण ४० बाइट लागतात. एकूण १५३२ बाइटना ३२ सेल, म्हणजे तारेवर १६९६ बाइट. पॅकेटच्या आतल्या हेडरचे (पत्ता वगैरे माहितीचे) ४० वगळता त्यात तुमच्या फाइलचे फक्त १४५२. उरलेले १४ टक्के कुठल्याही सेटिंगने परत मिळत नाहीत. व्हीडीएसएलमध्ये (डीएसएलचा जास्त वेगाचा प्रकार) सहसा हे सेल नसतात, त्यामुळे तिथे तूट कमी.

सेटिंगचा खरा फायदा आहे तो अपलोडमध्ये, आणि नेमके तिकडेच कोणी बघत नाही. डाउनलोड चालू असताना साधारण दर दोन पॅकेटमागे एक पोच (माहिती मिळाल्याची पावती) परत जाते. दोन पॅकेटचे ६४ सेल आणि पोचेचे २, म्हणजे ८ मेगाबिटच्या डाउनलोडला नुसत्या पोचपावत्यांसाठी २५० किलोबिट अपलोड लागते. अपलोड ५१२ चे असेल तर निम्मे त्यातच गेले. अशात कुणाच्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की मॉडेममध्ये रांग लागते. रांगेत २५६ किलोबाइट साचले तर त्यांचा निचरा व्हायला चार सेकंद. पोचपावत्या त्याच रांगेत अडकतात आणि डाउनलोडही बसते.

तपासायचे तर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ मोजणारी आज्ञा) चालू ठेवून एखादी मोठी फाइल अपलोड करा. वेळ ३० मिलिसेकंदांवरून हजारांत गेली तर रोग हाच. उपाय म्हणजे राउटरच्या क्यूओएसमध्ये (रहदारीचे नियमन करणारे सेटिंग) अपलोडची मर्यादा सिंकच्या ८० ते ८५ टक्के ठेवणे. रांग मग मॉडेमऐवजी राउटरमध्ये लागते, आणि तिथे तिला शिस्त लावता येते. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) चालणारा राउटर असेल तर त्याच्या एसक्यूएममध्ये (रांग सांभाळणारी सोय) ‘केक’ ही पद्धत निवडा, लिंक लेयर एटीएम आणि ओव्हरहेड ४४ भरा. सेलचा हिशेब तो स्वतः करतो.

काही साइट अर्ध्यावर उघडून लटकतात, पिंग मात्र व्यवस्थित जाते, असे असेल तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. विंडोजमध्ये पिंगला ‘एफ’ (तुकडे करू नको) आणि ‘एल’ (आकार) हे पर्याय लावून १४६४ चे पॅकेट पाठवा. ते गेले आणि १४६५ चे अडले, तर हेडरचे २८ मिळवून १४९२, म्हणजे पीपीपीओईचा नेहमीचा आकडा. १४६४ च अडले तर दहा-दहाने उतरत जा. २८ मिळवून आलेला आकडा राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये (बाहेरच्या जोडणीचे सेटिंग) भरा, प्रत्येक संगणकावर नको. एमटीयू उगाच कमी ठेवल्याने वेग वाढत नाही, पॅकेट लहान झाल्याने हेडरचे ओझे तेवढे वाढते.

टीसीपी विंडोचा (पोच येण्याआधी किती माहिती पाठवता येते ती मर्यादा) उपाय एकेकाळी अस्सल होता. एक्सपीमध्ये ती सहसा १७५२० बाइट असे. २०० मिलिसेकंद लांबच्या सर्व्हरवरून एका जोडणीला ०.७ मेगाबिटपेक्षा जास्त मिळणे शक्यच नव्हते. विंडोज व्हिस्टापासून विंडो आपोआप वाढते. ‘ऑप्टिमायझर’ प्रोग्रॅम तीच सोय बंद करून ठेवतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटएसएच इंटरफेस टीसीपी शो ग्लोबल’ ही आज्ञा द्या. ऑटो-ट्यूनिंग लेव्हलपुढे ‘नॉर्मल’ नसेल तर ती नॉर्मलवर आणा. विंडोज २० टक्के बँडविड्थ राखून ठेवते, ही तर निव्वळ अफवा. एखाद्या प्रोग्रॅमने मागितली तरच ती राखली जाते, आणि त्याने वापरली नाही तर इतरांना मिळते.