कानापुढचा ‘कट्’

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि सावकाश तोंड उघडा. बोटाखाली काहीतरी आधी फिरतं, मग पुढे सरकतं. हाच जबड्याचा सांधा. दाराच्या बिजागरीसारखा तो नुसता फिरत नाही, घसरतोही. खालच्या जबड्याचं गोल टोक आणि कवटीची खोबण यांच्यामध्ये एक चिवट चकती असते. कडांना जाड, मध्ये पातळ. ती जागची पुढे सरकली, की तोंड उघडताना जबडा घसरून पुन्हा तिच्याखाली जातो आणि ‘कट्’ वाजतं.

दुखू लागलं की बहुतेकांची पहिली गाठ पडते ओपीजीशी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या एक्स-रेशी. फिनलंडच्या युर्यो पाटेरो यांनी १९४० च्या दशकाअखेरीस या तंत्राचा पाया घातला. हनुवटी टेकवून स्थिर उभं राहायचं, यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि सगळे दात, दोन्ही सांधे एका पट्टीवर येतात. किडलेली दाढ किंवा मोडलेलं हाड त्यात सापडतं. सांधा मात्र तिरका दिसतो, सुरुवातीची झीज सहज निसटते. हाड नीट पाहायचं तर सीबीसीटी, म्हणजे एक्स-रेनेच काढलेलं त्रिमितीय स्कॅन. सांध्याचं टोक चपटं झालंय का, त्याची कड खाल्ली गेलीय का, हाड वाढून टोकेरी झालंय का, हे त्यात तिन्ही बाजूंनी दिसतं.

चकती या दोन्हींत दिसत नाही. तिच्यासाठी एमआरआय लागतो, तोही तोंड मिटून एकदा आणि उघडून एकदा. पुढे गेलेली चकती तोंड उघडल्यावर जागेवर आली, तर ‘कट्’चा उलगडा झाला. आलीच नाही, तर तोंड पुरतं का उघडत नाही, हे कळू शकतं.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. कसलाही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा साधारण तिघांतल्या एकाची चकती सरकलेली आढळली. उलट, कित्येकांचं दुखणं चघळण्याच्या स्नायूंतलं असतं आणि त्यांचे फोटो अगदी स्वच्छ येतात. नुसता फोटो पाहून सांध्यावर शस्त्रक्रिया ठरवणं म्हणूनच धोक्याचं.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निदान-निकषांनी दुखण्याच्या बाबतीत हात आणि कान आधी ठेवले. डॉक्टर पट्टीने मोजतात तोंड किती मिलिमीटर उघडतं, मग गालावरचा आणि कानशिलाचा स्नायू बोटाने दाबतात आणि विचारतात, ‘रोज दुखतं, ते हेच का?’