ताळेबंद मोठा म्हणजे पार्टी मोठी? नाही भावा

परवा उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर परत तेच ऐकलं, "त्यांचा ब्यालन्सशीट पाच कोटीचा हाय, लय पैसा हाय." हे गणित वर्षानुवर्षं फिरतंय आणि ते चुकीचं आहे. ब्यालन्सशीट म्हणजे ताळेबंद, एका बाजूला धंद्याची मालमत्ता आणि दुसऱ्या बाजूला ती कुणाच्या पैशातनं आली याचा हिशोब. समजा शिरोलीत एकाने स्वतःचे १ कोटी घालून फाउंड्री काढली, ताळेबंद १ कोटीचा, मग बँकेकडनं ४ कोटी कर्ज काढून भट्टी न् मशिनं आणली की एका बाजूला मालमत्ता ५ कोटी, दुसऱ्या बाजूला कर्ज ४ आणि भांडवल १, दोन्हीकडं टोटल ५, पण त्याचं स्वतःचं अजून १ कोटीच की! नफ्याचा तर इथं विषयच नाही, तो वेगळ्या पानावर.

बँकेचं तर उलटंच वाटतं, आपण ठेवलेली ठेव ही बँकेचं देणं असते, ठेवी वाढल्या की ताळेबंद फुगतो. आणि आकडा मोठा म्हणून कोण वाचत नाही, अमेरिकेची लेहमन ब्रदर्स बँक २००८ ला बुडाली तेव्हा मालमत्ता सुमारे ६३९ अब्ज डॉलर दाखवत होती.

म्हणून टेंडरात किंवा कर्जाच्या करारात 'नेट वर्थ' लिहिलं असेल तर टोटलचा आकडा पुढं करू नका, तिथं देणी वजा करून उरतं तेच धरतात, आणि टर्नओव्हर, म्हणजे वर्षाची विक्री, मागितला असेल तर तो आणखी तिसराच आकडा.