कोरियातला स्वस्त हानशिक बुफे नक्की आला कुठून?

सोलच्या नैऋत्येला गासान नावाचा भाग आहे, सगळा ऑफिसच्या उंच इमारतींचा, आणि त्या इमारतींच्या तळघरात दुपारी साडेअकरापासूनच रांगा लागायला लागतात. दारात कुपन द्यायचं किंवा कार्ड मारायचं, ताट उचलायचं आणि पुढे सरकत राहायचं, भात, सूप, दोन-तीन प्रकारची किमची म्हणजे आंबवलेली तिखट भाजी, मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, तिखट परतलेलं डुकराचं मांस, मासा, उकडलेल्या पालेभाज्या, सगळं स्वतःच वाढून घ्यायचं, कितीही, आणि संपलं की परत यायचं. पैसे सात-आठ हजार वॉन, फार तर नऊ. आपल्या हिशोबात साधारण साडेचारशे-पाचशे रुपये, पण सोलच्या मानाने हे खरंच स्वस्त आहे कारण बाहेर एक वाटी थंड नूडल्स घेतले तरी दहा हजाराच्या वर जातात. याला तिथे हानशिक बुफे म्हणतात. हानशिक म्हणजे कोरियन जेवण.

मी तीन वर्षं कामानिमित्त तिकडे होतो आणि जवळपास रोज दुपारी असंच जेवलो. इथे कोणाला सांगितलं की आधी हॉटेलातला बुफे डोळ्यासमोर येतो, बर्फाचा हंस, टोपीवाले शेफ, त्याचीच कोरियन स्वस्त आवृत्ती असेल असं वाटतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटलेलं. पण याचं घराणंच वेगळं आहे आणि ते कळल्याशिवाय हे एवढ्या पैशात परवडतं कसं तेही कळत नाही.

हॉटेलवाल्या बुफेची गोष्ट तशी छोटी आहे पण छान आहे. कोरियन युद्धात स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क यांनी सैनिक न पाठवता दवाखाने पाठवले, स्वीडनचं फील्ड हॉस्पिटल बुसानला होतं, डेन्मार्कचं तर जहाजावरच होतं. युद्ध संपल्यावर याच तीन देशांनी मिळून सोलमध्ये नॅशनल मेडिकल सेंटर उभारायला मदत केली, ते १९५८ ला सुरू झालं. तिकडून आलेल्या डॉक्टर-नर्सना घरचं खायला मिळावं म्हणून आवारात स्कँडिनेव्हियन क्लब नावाचं रेस्टॉरंट निघालं आणि तिथे त्यांच्याकडच्या पद्धतीने टेबलावर सगळं मांडून ज्याने त्याने घ्यायचं असं जेवण असायचं. कोरियातला पहिला बुफे म्हणून याचंच नाव घेतात, २०१२ पर्यंत ते चालू होतं. योगायोग म्हणजे त्याच १९५८ मध्ये टोकियोच्या इंपीरियल हॉटेलनेही हीच स्कँडिनेव्हियन पद्धत उचलली आणि तिला व्हायकिंग असं नाव दिलं, जपानी लोक आजही बुफेला व्हायकिंगच म्हणतात. पुढे कोरियात हा प्रकार मोठ्या हॉटेलांत गेला, मग लग्नात आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या जेवणात. म्हणजे बुफे हा शब्द इथून आला.

तळघरातलं जेवण मात्र इथून आलेलं नाही. त्याचं मूळ आहे हाम्बा.

हाम्बा हा मुळात जपानी शब्द, हानबा, बांधकामावरच्या मजुरांचा राहायचा-जेवायचा तळ. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता, त्या काळात रेल्वे, बंदरं, खाणी, धरणं यांच्या कामावर हा शब्द तिथे रुजला आणि जपानी गेले तरी शब्द राहिला. नंतर साठ-सत्तरच्या दशकात देशभर बांधकामच बांधकाम, सोल-बुसान एक्सप्रेसवे एकटाच सव्वाचारशे किलोमीटरहून जास्त, १९६८ ला सुरू करून १९७० ला पूर्ण केला. अशा प्रत्येक साइटवर पत्र्याची एक शेड असायची, आत मोठमोठी पातेली, स्वयंपाक करणाऱ्या बायका, आणि खात्याची वही. मजूर सही करून जेवायचा आणि पगार झाला की हिशोब. तिथे मेनू कार्ड नसायचं, आज जे शिजलंय ते. पण भात पोटभर, कारण अर्धपोटी माणूस सिमेंटची गोणी उचलणार कशी. बापशिम असा एक शब्द आहे त्यांच्याकडे, भाताची ताकद, काम आणि जेवण याचं नातं त्या एका शब्दात आहे.

पण पोटभर भात हे तेव्हा साइटवर जमत असलं तरी देशाला परवडत नव्हतं, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आज आपण कोरिया म्हटलं की श्रीमंत देश समजतो, पण तिथे तांदूळ पुरत नव्हता. १९६९ पासून बुधवारी आणि शनिवारी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ हॉटेलात भाताचे पदार्थ विकायला बंदी होती. भातात बार्ली मिसळा, गव्हाचं खा अशी मोहीम चालायची, शाळेत बाई मुलांचे डबे उघडून बघायच्या की भातात बार्ली मिसळलीय का नुसता पांढरा भात आणलाय. आपल्याकडेही रेशनच्या रांगा आणि मिलोचे, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीचे दिवस ज्यांनी बघितलेत त्यांना हे लगेच समजेल. आणि मग वाटीचा नियम आला. १९७६ मध्ये सोल महापालिकेने हॉटेलातल्या भाताच्या वाटीचं मापच ठरवून दिलं, स्टीलची, आतून साडेदहा सेंटीमीटर रुंद, सहा सेंटीमीटर उंच, आणि तीही चार पंचमांशच भरायची. मोडलं तर परवाना जाण्यापर्यंत शिक्षा. पुढे हे देशभर लागू झालं. आज कुठल्याही कोरियन हॉटेलात झाकण लावलेली जी गरम स्टीलची वाटी समोर येते ती याच टंचाईतून आलीय, तिथली कित्येक तरुण मुलं हे ऐकून चकित होतात.

यातून सुटका झाली ती तोंगिल नावाच्या तांदळाच्या जातीमुळे, फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत कोरियन शास्त्रज्ञाने संकर करून तयार केलेली. चवीला लोकांनी नावं ठेवली पण उतारा भरपूर, आणि १९७७ पर्यंत देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. नंतर उलटंच झालं, लोक भात कमी खायला लागले. १९७० मध्ये माणशी वर्षाला १३६ किलो तांदूळ लागायचा, २०२३ मध्ये ५६ किलो. म्हणजे ज्या तांदळासाठी वाटी मोजली तोच आता ताटातला सगळ्यात स्वस्त पदार्थ. बुफेत भाताचं पातेलं उघडं ठेवून हवा तेवढा घ्या म्हणता येतं ते त्यामुळे.

दुसरी गोष्ट बानचानची. बानचान म्हणजे भाताबरोबरच्या छोट्या छोट्या वाट्या, आपलं डाव्या-उजव्या बाजूचं वाढणं असतं ना, तसं काहीसं. साध्या खाणावळीत बेकबान मागवलं म्हणजे भात, सूप आणि पाच-सहा बानचान, आणि यातलं काहीही संपलं तर फुकट परत मिळतं. जुन्या काळी, जोसॉन राजवटीत, घरंदाज घरांत प्रत्येकाला वेगळा छोटा चौरंग मांडून त्याच्यावर जेवण यायचं, सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसून मधल्या वाट्यांतून खाणं हे बरंच नंतरचं. सरकारने वाया जाणारं अन्न बघून बानचानचे वेगळे पैसे लावा, मागितलं तेवढंच द्या असे प्रयत्न पुन्हा पुन्हा केले पण लोकांनी ते काही मानलं नाही. किमचीचे पैसे मागणारं हॉटेल तिथे कद्रू ठरतं. मग हॉटेलवाल्यांनी मार्ग काढला, एका कोपऱ्यात बानचानची भांडी ठेवली आणि पाटी लावली की परत हवं असेल तर स्वतः घ्या. पाणी तर आधीपासूनच स्वतः घ्यायचं असायचं. आता बघा, पाणी स्वतः घ्यायचं, बानचान स्वतः घ्यायचं, मग भात आणि सूप तेवढं वाढायला माणूस ठेवायचा कशाला? हानशिक बुफे हे याच्याच पुढचं पाऊल आहे.

आणि हे जेवायला माणसं कुठून आली तर कारखान्यांतून. मी सुरुवातीला गासान म्हटलं ते जुन्या गुरो औद्योगिक वसाहतीचा भाग. साठच्या दशकात ही वसाहत उभी राहिली, कपडे, केसांचे टोप, इलेक्ट्रॉनिक्स, आणि कामाला खेड्यापाड्यातून आलेल्या तरुण मुली. नंतर कारखाने गेले, २००० मध्ये वसाहतीचं नावही डिजिटल झालं, शिवणयंत्रांच्या जागी कॉम्प्युटर आले. पण एकाच वेळी हजारो माणसांना तासाभरात जेवायचंय ही गरज तशीच राहिली. म्हणून तळघरात बुफे. दहा कुपनं एकदम घेतली तर थोडं स्वस्त, ही पद्धत आपल्याकडच्या मेसच्या कार्डासारखीच.

मेसवरून आठवलं, नोर्यांगजिन नावाचा भाग आहे सोलमध्येच, सरकारी परीक्षांच्या क्लासेसचा. पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससीची मुलं जशी राहतात हुबेहूब तसं, छोट्या खोल्या, अभ्यासिका, घरून येणारे पैसे मोजून. तिथे त्यांच्यासाठीच्या खास खाणावळी आहेत, त्याही बुफे पद्धतीच्या, महिन्याची कुपनं घ्यायची आणि दिवसाला दोन-तीन वेळा जेवायचं. एकट्या माणसाला तिथे एरवी फार अडचण होते, बऱ्याच हॉटेलांत भाजायचं मांस किंवा मोठ्या भांड्यातलं सूप दोन माणसांच्या खाली देतच नाहीत. बुफेत असं नाही. टॅक्सीवाल्यांच्या खाणावळी आणि या बुफे, दोन्हीकडे एकटं जेवायला कोणाला संकोच वाटत नाही, मला हे फार मोलाचं वाटायचं.

मग मोठ्या कंपन्यांचं लक्ष गेलं. २०१३ मध्ये सीजे ग्रुपने सोलजवळच्या पांग्योला ग्येजोल बापसांग नावाचा चकचकीत हानशिक बुफे काढला, २०१४ मध्ये ई-लँडचा जायोन ब्योलगोक आणि शिनसेगेचा ओलबान. लाकडी सजावट, मोसमी भाज्या, शेतकऱ्यांची नावं लावलेल्या पाट्या, दर साधारण दुप्पट. दोन-तीन वर्षं वीकेंडला तासन् तास वेटिंग असायचं. आणि मग तेवढ्याच वेगाने सगळं ओसरलं, तिघांच्याही शाखा एकामागून एक बंद झाल्या. माझ्या मते कारण सरळ आहे, त्यांनी गरजेचं जेवण घेऊन त्याची सहल केली. सहलीला माणूस दोनदा जातो, तिसऱ्यांदा दुसरीकडे जातो. त्यात २०१८ मध्ये किमान वेतन एकदम १६.४ टक्क्यांनी वाढलं, एवढे पदार्थ करायला माणसं लागतात, आणि घरंही एका-दोघांची झालेली. वर कोविड आला, ऑगस्ट २०२० मध्ये सोल परिसरातले बुफे बंद करायला लावले. त्यात हॉटेलचा बुफे आणि तळघरातला बुफे असा फरक कुणी केला नाही, शेवटी बुफेच. काही छोट्या बुफेवाल्यांनी स्वतः वाढून देऊन कसंतरी चालू ठेवलं, नंतर चमचे धरायला प्लॅस्टिकचे हातमोजे आले.

त्यानंतर महागाई. सोलमध्ये थंड नूडल्सची वाटी २०२२ मध्ये आणि बिबिमबाप, म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, २०२३ च्या सुरुवातीला सरासरी दहा हजार वॉनच्या वर गेलं. लंच आणि इन्फ्लेशन जोडून तिकडे लंचफ्लेशन असा शब्दच रूढ झाला. सरकारने २०२३ पासून पगारातल्या जेवण भत्त्यावरची करसूट महिन्याला एक लाखावरून दोन लाख वॉन केली. आता हिशोब करा, महिन्याचे बावीस कामाचे दिवस धरले तर दिवसाला नऊ हजार येतात, आणि तळघरातला बुफे बरोब्बर त्याच्या आत बसतो. बाहेर कॉफीसकट जेवलं की भत्ता पंधरा तारखेलाच संपतो.

आणि बुफेवाल्यांना परवडतं कसं, तर पदार्थ तेच ठरवणार, त्या दिवशी बाजारात जे स्वस्त ते. कोबी उतरला की कोबी तीन रूपांत दिसतो. मांसाचा पदार्थ एक किंवा दोनच आणि तो बहुधा रांगेच्या शेवटी, तोपर्यंत ताट भरलेलं असतं. एका कोपऱ्यात रामेनची पाकिटं आणि अंडी, स्वतः उकळून घ्या. टेबलावर वाढपी नाही, ताट स्वतः नेऊन ठेवायचं. भिंतीवर पाटी असते की टाकलंत तर जास्तीचे पैसे पडतील, पण ते पैसे घेताना मी कधीच कोणाला बघितलं नाही. दीड वाजला की भांडी आत जायला लागतात, त्यामुळे उशिरा येऊ नका.

आता शाकाहारी लोकांसाठी, कारण इथे मला तेच विचारतात. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावची जनरल मोटर्सची फॅक्टरी ह्युंदाईने घेतलीय, त्यामुळे आपल्याकडची बरीच मुलं ट्रेनिंगला तिकडे जातात. बुफेत निम्म्याहून जास्त भांड्यांत भाजीच दिसते, पण फसू नका, किमचीत बहुतेक वेळा खारवलेले जवळे किंवा माशाचं पाणी असतं, सूपचं पाणी सुक्या माशांचं असतं. मी अंडं खातो म्हणून माझं निभावलं. सोयाबीनचे मोड, पालक, मुळा, भाजलेलं टोफू, समुद्री शेवाळाचे कागद, भात, पण याबद्दलही विचारून घ्यायचं. बुफेचा फायदा हा की घ्यायच्या आधी सगळं डोळ्याने दिसतं आणि विचारायला माणूस समोर उभं असतं.

त्या समोर उभ्या असलेल्या बाईंना तिथे सगळे इमो म्हणतात. इमो म्हणजे आईची बहीण. आपल्या मेसमध्ये आपण मावशी म्हणतो तेच, अगदी तेच नातं, कोणी कोणाकडून शिकलेलं नसताना. मी जायचो तिथल्या इमोंना दुसऱ्या आठवड्यात कळलं की मी मासे-मांस खात नाही, त्यानंतर मी रांगेत दिसलो की त्या लांबूनच हाताने खूण करायच्या, हे घे, ते नको. आणि ताट अर्धं दिसलं तर मला न विचारता भाताचा अजून एक मोठा चमचा.