नागपूर कोणी सोडायचं? जोडीदाराच्या करिअरच्या प्रश्नामागचा इतिहास

जोडीदार निवडताना त्याची किंवा तिची करिअरची ओढ किती धरायची, ही चर्चा नागपुरात सुरू झाली की थोड्याच वेळात पुण्यावर येते. मुलाला पुण्यात पॅकेज आहे, मुलगी इथे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. किंवा याच्या उलट. कॉलेजपासून एकमेकांना ओळखणारी जोडपीही फुटाळा तलावाच्या काठावर बसून शेवटी इथेच अडतात. जात, पत्रिका, स्वभाव यांवर भरपूर लिहिलं गेलं आहे, त्यात इथे शिरत नाही. माझं म्हणणं एवढंच, की या गावात महत्त्वाकांक्षा किलोमीटरमध्ये मोजली जाते आणि त्याला कारणं आहेत.

फार मागे जायला नको. १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. सचिवालय, उच्च न्यायालय, १९२३ पासूनचं विद्यापीठ, रेल्वे, १८७७ साली सुरू झालेली कापड गिरणी, सगळं गावातच. १ नोव्हेंबर १९५६ ला राजधानीपण गेलं आणि कितीतरी कर्मचाऱ्यांना मुंबईची वाट धरावी लागली. वर जायचं तर गाव सोडावं लागतं, हे मध्यमवर्गीय घरांना तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जे घडलं, त्यातून आलेल्या घरांमध्ये शिक्षण आणि नोकरी ही एकट्या माणसाची हौस कधीच नव्हती. अख्खं घर त्या शिडीने वर येत होतं. नोकरी करणारी सून ही तिथे अभिमानाची गोष्ट होती. शहराच्या इतर भागांत तिला 'मुलीला नोकरीची आवड आहे' असं म्हणायची पद्धत बराच काळ राहिली. आवड म्हटलं की सोडता येते.

पुढची दोन-तीन दशकं 'परमनंट' या एका शब्दावर गेली. रेल्वे, आयुधनिर्माणी, कोळसा, वीज, बँक. "पोरगा काय करून राहिला?" या प्रश्नाला यातलं एक उत्तर मिळालं की पुढचं बोलणं साड्या आणि कार्यालयाच्या तारखेवर जाई.

पण मुलगीही परमनंट असली आणि दोघांच्या नोकऱ्या दोन गावांत असल्या तर? या प्रश्नावर न्यायालयांत जे झालं ते आज फारसं कुणाला आठवत नाही. मला मात्र सगळी चर्चा तिथूनच समजते, म्हणून त्यावर जरा थांबतो. हे खटले नागपूरचे नव्हेत, उत्तरेतले आहेत. १९७७ मध्ये तिथल्या एका उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे एका शिक्षक जोडप्याचं प्रकरण आलं. दोघंही लग्नाआधीपासून नोकरीत होते. बायकोची शाळा दुसऱ्या गावी होती, नोकरी सोडायला ती तयार नव्हती, लग्न मोडायचीही तिची इच्छा नव्हती. नवऱ्याने हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली, म्हणजे सहवास परत मिळावा म्हणून, दावा लावला होता. पूर्णपीठाने नवऱ्याच्या बाजूने कौल दिला. घर कुठे करायचं हे ठरवण्याचा हक्क नवऱ्याचा. बायकोने नोकरीसाठी स्वतःच्या मर्जीने वेगळं राहणं म्हणजे वाजवी कारणाशिवाय सहवास सोडणं, असा त्याचा अर्थ निघाला. नवऱ्याने लग्नाच्या वेळी तिची नोकरी मान्य केली होती, एवढ्याने त्याचा हक्क गेला असं न्यायालयाला वाटलं नाही.

पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, दिल्लीत नेमकी उलटी दिशा धरली गेली. तिथली बाई पंजाबातल्या एका गावी मुख्याध्यापिका होती. नवरा परदेशात शिकून आलेला, पण दिल्लीत त्याची नोकरी तिच्याइतकी चांगली नव्हती. न्यायालयाने विचारलं, घर कुठे असावं हे एकट्या नवऱ्याने ठरवावं असं कायद्यात लिहिलंय कुठे? राज्यघटनेने स्त्री-पुरुषांना समान मानलं आहे, तर ज्याची नोकरी अधिक भक्कम त्याच्या गावी घर करणं वाजवी ठरू शकतं. दोघांनी मिळून ठरवावं. नाही जमलं तर कुणा एकाचं म्हणणं आपोआप वरचढ धरता येणार नाही.

या दुसऱ्या निकालाची योग्यता मला पहिल्यापेक्षा फार मोठी वाटते आणि ते लपवण्याचं कारण नाही. पण व्यवहारात आपल्याकडे पहिलाच निकाल चालत आला, तोही कुणी न वाचता. बैठकीत "लग्नानंतर नोकरीचं काय?" हे मुलीला विचारतात, मुलाला नाही. मुलाला विचारतात ते पगाराचं. म्हणजे मुलाची महत्त्वाकांक्षा हा गुण आणि मुलीची ही अट. १९७७ चा खटला याच फरकावर उभा होता.

सरकारने हा पेच आपल्या पद्धतीने सोडवायचा प्रयत्न केला. नवरा-बायकोला शक्यतो एकाच ठिकाणी नेमावं, असं केंद्राने १९८६ मध्ये आपल्या खात्यांना सांगितलं. राज्यात जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांसाठी २७ फेब्रुवारी २०१७ चा शासन निर्णय आला, त्यात पती-पत्नी एकत्रीकरणाचा वेगळा संवर्ग झाला आणि दोघांच्या शाळांमधलं ३० किलोमीटरचं अंतर ही मोजपट्टी ठरली. तिचा परिणाम स्थळं पाहण्यावर झालेला मी जवळून पाहिला आहे. रामटेक, काटोल, उमरेडकडच्या शिक्षिकांच्या घरी शिक्षक स्थळ आलं की बायोडाट्याबरोबर तालुक्याचं नाव आधी पाहिलं जाऊ लागलं. हे प्रेमाच्या विरोधातलं मानू नये. आठवडाभर वेगळं राहून शनिवारी एसटीने घरी येणारी माणसं पाहिली की त्या ३० किलोमीटरची किंमत कळते.

मग आयटी आली. २००० नंतर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून निघालेली मुलं-मुली थेट पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्कला जाऊ लागली. पहिल्यांदाच मुलगीही तितक्याच पगारावर, तितक्याच लांब. नागपूर विमानतळाजवळच्या मिहान या उद्योग प्रकल्पाची आशा मोठी होती, काही कंपन्या आल्याही, पण पुण्याकडचा ओघ थांबला नाही. याच काळात 'परमनंट'च्या जागी 'सेटल' आला. हा शब्द घरोघरी वेगळा. आईवडिलांच्या तोंडी सेटल म्हणजे पुण्यात फ्लॅट. मुलाच्या तोंडी, कर्जाचा हप्ता जाऊन उरणारा पगार. मुलीच्या तोंडी बहुतेक वेळा, मला माझं काम सोडावं लागणार नाही याची खात्री. तिघंही एकच शब्द वापरतात आणि साखरपुड्यानंतर भांडतात.

दुसरीकडे अभ्यासिकांमधली पिढी आहे. राज्यसेवेसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा २०१६ मध्ये ३३ वरून ३८ झाली, मागासवर्गीयांसाठी ४३. 'तयारी करून राहिलो' ही ओळख त्यामुळे पाच वर्षांनी लांबली. त्या खुर्चीत बसलेल्या मुला-मुलींइतकी जिद्द मी दुसरीकडे पाहिली नाही, तरी लग्नाच्या बाजारात ती जिद्द महत्त्वाकांक्षेत धरत नाहीत, कारण तिला पगारपत्रक नाही. तिथे जमलेली किती नाती एका निकालाच्या यादीवर टांगलेली असतात. सरकारी नोकरीचं वजनही पूर्वीसारखं राहिलं नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत आलेल्या बहुतेकांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये त्यासाठी संप झाला, तेव्हापासून "जुनी की नवी?" हा प्रश्नही बैठकीत आला.

२०२० च्या टाळेबंदीत पुण्याची पोरं लॅपटॉप घेऊन घरी आली आणि दीड-दोन वर्षं अंतराचा प्रश्न जणू मिटला. त्या काळात जमलेल्या कितीतरी जोड्यांनी 'वर्क फ्रॉम होम' कायमचं धरून घर मांडलं. मग ऑफिसने बोलावलं. कुणीतरी परत निघालं आणि बहुतेक घरांत कुणी निघायचं हे न बोलताच ठरलं. ऑगस्ट २०२५ पासून नागपुरातल्या अजनी स्थानकाहून पुण्याला वंदे भारत आहे, तरी बारा तास लागतातच.

परिचय मेळाव्यांच्या पुस्तिका मी दरवर्षी चाळतो. मुलींच्या पानांवर हल्ली 'नोकरीचं ठिकाण' ठळक असतं आणि 'अपेक्षा'च्या रकान्यात 'करिअरला साथ देणारा' हे शब्द वारंवार दिसतात. मुलांच्या पानांवर त्याच रकान्यात 'पुण्यात येण्यास तयार' असतं. 'नागपुरात येण्यास तयार आहे' असं स्वतःबद्दल लिहिणारा मुलगा मला अजून त्या पानांवर भेटलेला नाही.