पहिला ट्रम्पेटवाला : पलटणीपासून परण्यापर्यंत, मधे बिग बँड

आपल्या वर्धा-यवतमाळच्या खेड्यांत बँड म्हटलं की नवरदेवाच्या परण्यापुढे, म्हणजे वरातीपुढे, चालणारा बँडबाजा, दुसरा बँड कुणाच्या डोक्यातच येत नाही. अमेरिकेतला बिग बँड म्हणजे नाचाच्या हॉलमधला, सूटबूटवाला, समोर कागद ठेवून वाजवणारा. दोघांचा काय संबंध असं वाटतं, पण त्यातल्या पहिल्या ट्रम्पेटवाल्याची जागा कुठून आली ते बघत गेलं की दोन्ही वाटा पलटणीच्या बँडपाशीच जाऊन पोचतात.

आधी ती जागा काय ते सांगतो. बिग बँडमध्ये साधारण 16-17 वादक, पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, तीन-चार ट्रॉम्बोन, बाकी पियानो, बेस, गिटार, ड्रम. चार ट्रम्पेटांतला पहिला तो लीड. लोकांना वाटतं उभा राहून सोलो, म्हणजे एकट्याचा तुकडा, मारतो तोच लीड, तसं नाही भाऊ, सोलो बहुतेक वेळा शेजारचा दुसराच कुणी घेतो. लीडवाला लिहिलेलंच वाजवतो, फक्त सगळ्यात वरचा सूर त्याचा असतो, आणि सूर किती लांबवायचा, कुठे तोडायचा, जोर कुठे द्यायचा हे त्याच्यावर ठरतं, बाकीचे तिघं त्याच्याकडे कान ठेवून वाजवतात, ट्रॉम्बोनवालेसुद्धा. रात्रभर वरच्या सुरात वाजवून ओठ थकतात, म्हणून सोलोचं ओझं त्याच्यावर कमी टाकतात.

ही वर-खालीची वाटणी जाझच्याही आधीची आहे बरं. जुन्या ट्रम्पेटला बटणंच नव्हती, नुसती नळी, ओठांच्या ताणावर निघतील तेवढेच सूर. खालच्या भागात ते सूर एकमेकांपासून लांब लांब, वर गेलं की जवळ येतात, म्हणजे चाल वाजवायची तर वर चढल्याशिवाय इलाज नाही. त्यामुळे युरोपात 17व्या-18व्या शतकात वर वाजवणारे वेगळे आणि खाली वाजवणारे वेगळे असायचे. 1818 मध्ये श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी प्रशियात व्हॉल्व्हचं, म्हणजे दाबलं की नळीची लांबी बदलणाऱ्या बटणांचं, पेटंट घेतलं, 1839 मध्ये पॅरिसच्या पेरिनेने त्याच व्हॉल्व्हचा पिस्टन सुधारला, आणि खालपासून वरपर्यंत सगळे सूर हाताशी आले. उघड्या मैदानात मोठ्ठा आवाज पायजे असणाऱ्या फौजांनी ही वाद्यं लगेच उचलली.

आपल्याकडे इंग्रजांनी 1817 ची नागपूरची सीताबर्डीची लढाई जिंकली आणि 1821 मध्ये जवळच कामठीला छावणी बसवली. छावणी आली की पलटणीचा बँड आलाच. देशभरात हेच झालं, आधी संस्थानिकांनी नक्कल केली, मग शेठ-जमीनदारांच्या लग्नात वर्दीवाला बँड दिसायला लागला. 1885 पासून मेरठच्या नादिर अली कंपनीने या धंद्यात नाव काढलं आणि बँडच्या वाद्यांसाठी मेरठ ओळखलं जायला लागलं.

त्याआधी गावात सनई आणि डफडं होतं, पण ते वाजवणं म्हणजे जातीने लादलेलं गावकीचं काम. बाबासाहेबांनी असली कामं सोडायला सांगितलं, 1956 मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि कित्येकांनी ते वाजवणं कायमचं टाकलं. बँडमध्ये निदान बयाणा ठरतो, अंगावर वर्दी असते. मानपान तिथेही फारसा नसतो हे खरं, पण गावकीपेक्षा ते वेगळं होतं आणि माझ्या मते विदर्भातल्या बँडचा इतिहास हे सोडून लिहिताच येत नाही.

आता तिकडचं. 1865 मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, पुढे न्यू ऑर्लिन्सच्या गल्ल्यांत पलटणीच्या बँडच्याच धर्तीवर काळ्या वादकांचे बँड मिरवणुकीत आणि मयतीत वाजायला लागले, त्यातूनच जाझ वर आलं. 1924 मध्ये ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये गेला, तिथे बँडसाठीचं संगीत डॉन रेडमन लिहायचा, आणि एकेक वादकाऐवजी ट्रम्पेटांचा अख्खा गट सॅक्सच्या गटाला उत्तर देतो ही रचना पक्की होत गेली. गट झाला म्हणून गटाचा म्होरक्या लागला. पुढे असे ट्रम्पेटवाले नावाजले, स्नूकी यंग झाला, ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधला कॅट अँडरसन झाला, 1950 मध्ये स्टॅन केंटनच्या बँडमध्ये आलेला मेनार्ड फर्ग्युसन तर इतका वर जायचा की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकावा. हाच फर्ग्युसन नंतर भारतात येऊन ऋषी व्हॅलीच्या शाळेत शिकवत होता. मला मात्र स्नूकी यंग जास्त आवडतो, उंचीचा दिखावा नाही, सगळा बँड कसा अलगद उचलून घेतो.

मुंबईत 1935 मध्ये अमेरिकेच्या लिऑन ॲबीचा बँड ताजमहाल हॉटेलात आला, मागोमाग क्रिकेट स्मिथसारखे ट्रम्पेटवाले आले, आणि गोव्याची पोरं त्यांचं ऐकून तयार झाली. त्यातला चिक चॉकलेट आर्मस्ट्राँगच्या ढंगात वाजवायचा. संगीतकार सी. रामचंद्रांनी त्याला हाताशी घेतलं, 1951 चा अलबेला सिनेमा आला, आणि नाचाच्या हॉलमधले ट्रम्पेटचे तुकडे रेडिओ-टॉकीजमधून थेट गावात पोचले. बँडमास्तरांनी ते कानाने उचलले, कागद नाही काही नाही. बी फ्लॅटचा ट्रम्पेट म्हणजे पेटीवरची काळी पाच, सूर तिथला धरायचा आणि गाण्याचा मुखडा मास्तरने काढला की बाकीचे मागून येतात. लीडचं काम तेच, फक्त इथे खुर्ची नाही, विश्रांतीचे लिहिलेले ठोके नाहीत, मे महिन्याच्या उन्हात चालत चालत तोच वरचा सूर धरून ठेवायचा.

आता नागपूरच्या बाजूला धुमाल म्हणतात त्या गाडीवरच्या बँडचा जोर हाय. गाडीवर भोंगे, चाल कॅसिओवर, ताल पॅडवर, त्यामुळे आवाजासाठी चार ट्रम्पेट ठेवायची गरजच उरली नाही, बँडवाल्याकडेही ट्रम्पेट असला तर एकच आणि तोही माइकसमोर धरलेला.